पेशव्यांच्या वाड्यातली प्रेमकथा कोणत्या कपाटात असते?

वाचकाचे पत्र : माझे वय बेचाळीस. मी कोल्हापुरात, राजारामपुरीत राहते आणि नोकरी करते. दोन वर्षांपूर्वी मुलीने मला मोबाईलवर एक इंग्रजी कादंबरी वाचायला दिली. दोनशे वर्षांपूर्वीचे लंडन, नाचाचे समारंभ, उमराव घराण्यातला तरुण आणि मानी नायिका असे सारे तिच्यात होते. तेव्हापासून मी तशा तीसेक कादंबऱ्या वाचल्या. आता असे काही मराठीत वाचावे असे वाटते. पण वाचनालयात ऐतिहासिक प्रेमकादंबरी मागितली की समोरचे गोंधळतात आणि लढायांचे जाडजूड पुस्तक हातात ठेवतात. घरी मामंजी इतिहासाचे जाणकार आहेत. कादंबरीतला इतिहास म्हणजे निव्वळ थापा, वाचायचे तर सरदेसायांचा ‘मराठी रियासत’ हा इतिहासग्रंथ वाच, असे ते म्हणतात, त्यामुळे त्यांच्यासमोर पुस्तक उघडायचाही संकोच वाटतो. मी काय वाचू, कुठे शोधू, आणि हे वाचन खरेच कमी प्रतीचे आहे का?

उत्तर :

प्रिय ताई,

तुमचे पत्र वाचताना मला माझी देवघेवीची खिडकी आठवली. एका वाचनालयात त्या खिडकीमागे मी पुष्कळ वर्षे बसत होते, आणि तुमच्यासारखीच इच्छा मनात धरून येणाऱ्या कितीतरी बायका, नेमके काय मागायचे हे न कळल्यामुळे, शेवटी ‘काहीतरी चांगलं द्या हो’ एवढेच म्हणून थांबत. तुम्हाला जे हवे आहे ते मराठीत आहे आणि चांगले आहे. फक्त त्या नावाचे कपाट आपल्याकडे नाही, म्हणून मागायची रीत बदलावी लागते.

इंग्रजीत हा एक स्वतंत्र प्रकार मानला जातो. काळ जुना असावा, दोघांचे प्रेम हाच कथेचा कणा असावा आणि शेवट सुखाचा व्हावा, असे त्यात वाचक आणि लेखक यांनी जणू आधीच ठरवून घेतलेले असते. मराठीत असे ठरले नाही. आपली ऐतिहासिक कादंबरी रा. भि. गुंजीकरांच्या ‘मोचनगड’पासून, म्हणजे १८७१ पासून सुरू झाली असे मानतात, आणि स्वतःचे राज्य नुकतेच गमावलेल्या समाजाला त्याच्या पराक्रमाची आठवण करून देणे हे काम तिने पहिल्यापासून अंगावर घेतले. प्रेम तिच्यात होतेच. पण ते मोहिमा, दरबार आणि कटकारस्थाने यांच्या आडोशाने वावरत राहिले, आणि मुखपृष्ठावर तलवारच आली. म्हणून तुम्ही खिडकीशी प्रकार मागू नका, माणूस मागा. ‘माधवराव आणि रमाबाईंची कादंबरी द्या’, ‘सदाशिवरावभाऊंच्या पार्वतीबाईंची द्या’, असे म्हणालात तर समोरचा माणूस क्षणभरही गोंधळणार नाही.

त्याआधी तुमच्या आवडत्या लंडनविषयी एक गोष्ट सांगते, कारण तिच्यामुळे दोन्हीकडचे वाचन एका दोरीत ओवता येईल. तुम्ही वाचलेल्या कादंबऱ्या बहुधा १८११ ते १८२० या वर्षांत घडत असणार. राजा तिसरा जॉर्ज आजारामुळे कारभार पाहू शकत नव्हता आणि त्याचा मुलगा राजप्रतिनिधी म्हणून राज्य चालवत होता, म्हणून त्या काळाला रीजन्सी म्हणतात. हीच वर्षे आता आपल्या बाजूने मोजा. १८१२ मध्ये कोल्हापूरच्या छत्रपतींचा इंग्रजांशी तह झाला. १८१५ मध्ये दुसऱ्या बाजीरावाचा विश्वासू त्रिंबकजी डेंगळे इंग्रजांच्या कैदेत पडला, पुढच्याच वर्षी ठाण्याच्या तुरुंगातून निसटला, आणि १८१८ मध्ये पेशवाई संपली. हिंदुस्थानात पैसा कमावून परतलेला जो एखादा काका किंवा धाकटा भाऊ तुमच्या त्या कादंबऱ्यांत अधूनमधून येतो, त्याचा पैसा या असल्याच व्यवहारांतून आलेला असे. ना. सं. इनामदारांची ‘झेप’ त्रिंबकजीवर आणि ‘मंत्रावेगळा’ दुसऱ्या बाजीरावावर आहे. त्यांत प्रेम मध्यभागी नाही, म्हणून सुरुवात त्यांनी करू नका. पण वर्षभराने त्या हातात घेतल्यात तर लंडनच्या दिवाणखान्याची मागची खिडकी उघडल्यासारखे वाटेल.

सुरुवात ‘स्वामी’ने करा. रणजित देसाई आपल्याच जिल्ह्यातले, चंदगड तालुक्यातल्या कोवाडचे. ही कादंबरी १९६२ मध्ये आली तेव्हा ते चौतीस वर्षांचे होते, आणि १९६४ मध्ये तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तुम्ही ती शाळेत धड्यापुरती किंवा वक्तृत्वस्पर्धेपुरती पाहिली असेल, तर तसे न मानता पहिल्यांदाच वाचत आहोत अशा मनाने वाचा. पानिपतानंतर सोळाव्या वर्षी पेशवेपदाची वस्त्रे मिळालेला माधवराव, निजाम आणि हैदर यांच्या स्वाऱ्या, घरातच उभा असलेला चुलता राघोबादादा, शरीरात शिरलेला क्षय, आणि १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला सत्ताविसाव्या वर्षी आलेले मरण, हा झाला इतिहास. कादंबरी या सगळ्याच्या फटींतून चालते. नवराबायको दोन शब्द बोलायला बसतात आणि बाहेरून वर्दी येते. बोलणे अर्धे राहते. ते पुरे व्हायला मधे आख्खी मोहीम जाते.

तुम्हाला सवय असलेल्या कादंबऱ्यांत अडचण लग्नाच्या अलीकडे असते. ते दोघे एकमेकांना कधी ओळखतील आणि होकार कधी देतील, यावर सारे पुस्तक तोललेले असते. आपल्याकडे त्या काळात लग्न लहानपणीच होऊन जात असे, त्यामुळे ओळख होणे, रुसणे, एकमेकांवर भरवसा बसणे हे सगळे लग्नाच्या पलीकडे आणि मोठ्या कुटुंबाच्या डोळ्यांदेखत घडायचे. मराठी ऐतिहासिक कादंबरीत प्रेमकथा शोधताना अनेकांना ती सापडत नाही याचे खरे कारण हेच आहे, असे मला वाटते. आपण ती लग्नाआधी शोधत राहतो. ‘स्वामी’मध्ये रमाबाई एखाद्या दालनाच्या उंबऱ्यावर थांबल्या, आत जावे की न जावे अशा विचारात पडल्या, की तिथे हात थोडा सावकाश चालवा. नाचाच्या समारंभातली जी धडधड तुम्ही इंग्रजीत वाचली, ती इथे त्या उंबऱ्यावर आहे.

एक गोष्ट मात्र मोकळेपणाने सांगितली पाहिजे. रमाबाई सती गेल्या, हा इतिहास आहे आणि कादंबरी तिथेच येऊन पोचते. लेखणी इतकी समर्थ आहे की ते जाणे प्रेमाचा कळस वाटू लागते. मी ती पाने अनेकदा वाचली आहेत आणि दर वेळी मला पुस्तक खाली ठेवावे लागले आहे, कारण एका तरुण मुलीने जिवंतपणी चितेवर चढणे हे माझ्या मनाला कोणत्याही भाषेत सुंदर वाटू शकत नाही. तुमच्या मुलीलाही ही कादंबरी वाचायला द्या, आणि शेवटच्या प्रकरणावर दोघींनी बसून बोला.

‘राऊ’ बहुधा तुम्हाला नावाने ठाऊक असेल. इनामदारांची ही कादंबरी १९७२ ची. बाजीराव आणि मस्तानी यांची कथा पडद्यावर पाहिलेल्या माणसाला ती ठाऊक आहे असे वाटते, परंतु पुस्तकात वाडा फार निराळा दिसतो. १७२९ मध्ये मोगल सरदार बंगशाने वेढलेल्या बुंदेला राजा छत्रसालाच्या मदतीला बाजीराव बुंदेलखंडात धावून गेले आणि त्या मोहिमेनंतर मस्तानी त्यांच्या आयुष्यात आली. ती छत्रसालाची मुलगी होती की दरबारातली कलावंत, याबद्दल अभ्यासकांत आजही एकमत नाही. बाजीराव मोहिमेवर असताना तिला पुण्यात अटकेत ठेवले होते, हे त्या वेळच्या पत्रव्यवहारावरून दिसते. २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडीला बाजीराव गेले, मागोमाग मस्तानीही गेली, आणि तिची कबर पुणे जिल्ह्यात पाबळला आहे. त्यांचा मुलगा समशेरबहाद्दर पुढे पानिपतावर लढला आणि त्याच युद्धातल्या जखमांनी गेला. इथे अडचण लग्नाच्या अलीकडची नाही आणि पलीकडचीही नाही. घराने, धर्माने आणि गावाने ते नातेच मानायला नकार दिला आहे.

पण मला जर कोणी एकच पुस्तक निवडायला सांगितले, तर मी इनामदारांचीच ‘शिकस्त’ निवडेन. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई त्या मोहिमेत बरोबर होत्या. त्या परत आल्या आणि पुढे वीसहून अधिक वर्षे जगल्या. नवरा मेला हे त्यांनी मानले नाही. सौभाग्याची लक्षणे त्यांनी उतरवली नाहीत. काही वर्षांनी भाऊ म्हणवणारा एक तोतया उभा राहिला, त्याच्यामागे माणसे गोळा झाली, आणि कारभाऱ्यांना त्याचा बंदोबस्त करावा लागला. एवढे इतिहासात आहे. आता त्या बाईच्या खोलीत जाऊन विचार करा. बाहेर गलका चालला आहे की भाऊ आले. खरे म्हणावे तर वर्षानुवर्षे जपलेली आशा फळाला येते. खोटे म्हणावे तर आजवर लावलेल्या कुंकवाचे काय करायचे? त्या बाईला आत काय झाले असेल, हे लिहून ठेवणारा कारकून कोणत्याही दप्तरात बसलेला नव्हता. तिथे कादंबरीकारालाच जावे लागते. ‘शिकस्त’ वाचल्यावर विश्वास पाटलांची ‘पानिपत’ घ्या. तेही आपल्या जिल्ह्यातले, शाहूवाडी तालुक्यातल्या नेर्ल्याचे. रणांगण तिकडे आणि घर इकडे अशी ती दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत.

जुन्या मराठीची भीती वाटत नसेल तर हरिभाऊ आपट्यांकडे अवश्य जा. त्यांच्या कादंबऱ्या लांब वाटतात, याचे कारण त्यांतल्या पुष्कळशा क्रमशः छापल्या गेल्या. १८९० मध्ये त्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केले, आणि आठवड्याला एक प्रकरण वाचणाऱ्या माणसासाठी लिहिलेले पुस्तक आपण दोन दिवसांत संपवायला गेलो तर दम लागणारच. रात्री जेवणानंतर एक प्रकरण, इतक्याच वेगाने वाचा. त्यांची ‘वज्राघात’ ही विजयनगरच्या विनाशाची कथा, १५६५ च्या लढाईत मारल्या गेलेल्या रामराजाची. आणि तिच्या मुळाशी रामराजा आणि मेहेरजान यांचे प्रेम आहे. रामराजा इतिहासातला, मेहेरजान कल्पित. साम्राज्य का बुडाले याची कारणे इतिहासकार सुलतानांच्या युतीत आणि दरबारी राजकारणात शोधतात. हरिभाऊंनी त्यांच्याशेजारी एका दुखावलेल्या बाईला उभे केले. माझ्या खिडकीवर या पुस्तकाची एक जीर्ण प्रत येत असे. मेहेरजानच्या एका प्रकरणाच्या कडेला कोणीतरी शिसपेन्सिलीने बारीक अक्षरांत ‘बिचारी’ असे लिहिले होते, आणि त्याच्याखाली निराळ्या अक्षरात, निराळ्या हाताने, ‘का म्हणून?’ असे. पुस्तकांवर लिहू नये हे लोकांना सांगणे माझेच काम होते, तरीही ते शब्द मी कधी खोडले नाहीत.

सुखाचा शेवट हवाच असेल तर हरिभाऊंची ‘रूपनगरची राजकन्या’ पाहा. औरंगजेबाच्या हाती पडण्यापेक्षा मेवाडच्या राणा राजसिंहाला बोलावणे धाडणारी राजकन्या तिच्या केंद्रस्थानी आहे. नाथमाधवांची ‘वीरधवल’ही तुम्हाला आवडेल, ती इतिहासापेक्षा अद्भुताकडे झुकलेली आहे आणि तसे समजूनच वाचावी. हरिभाऊ १९१९ मध्ये आणि नाथमाधव १९२८ मध्ये गेले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी प्रताधिकार संपतो, त्यामुळे या दोघांची पुस्तके मोबाईलवर मोफत उतरवून घेण्यात काहीही गैर नाही.

आता तुमच्या सासऱ्यांविषयी. ते चुकीचे बोलत आहेत असे मी म्हणणार नाही, कारण त्यांच्या रागाला आधार आहे. ‘ध’चा ‘मा’ केल्याची गोष्टच घ्या. ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणराव पेशव्यांचा खून झाला, आणि ‘धरावे’चे ‘मारावे’ राघोबादादांच्या पत्नी आनंदीबाईंनी केले हे आपण सगळे इतक्या खात्रीने सांगतो की जणू तो कागद आपण पाहिला आहे. त्या गोष्टीला भक्कम पुरावा नाही. ती नाटकांनी, कादंबऱ्यांनी आणि आजीच्या तोंडून आलेल्या कथांनी पक्की केली. प्रेमकथा रंगवताना लेखकाला कोणाला तरी काळोखात उभे करावेसे वाटते, आणि पेशवाईच्या कादंबऱ्यांत ती पाळी बहुतेक वेळा दुसऱ्या एखाद्या बाईवरच येते. कधी आनंदीबाईंवर, कधी माधवरावांच्या आई गोपिकाबाईंवर. नायिका जितकी उजळ दिसेल, तितकी तिच्या शेजारच्या बाईविषयी शंका धरा. ही सवय मला फार उशिरा लागली, तुम्ही ती आतापासून लावून घ्या.

पण कादंबरी म्हणजे थापा, हे मात्र मला मान्य नाही. ज्यांची ‘मराठी रियासत’ तुमचे सासरे प्रमाण मानतात, त्याच गोविंद सखाराम सरदेसायांनी पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड संपादून छापले. त्या कागदांत स्वाऱ्या आहेत, कर्जे आहेत, आजारपणे आणि औषधे आहेत, कोणाला किती रुपये दिले तेही आहे. माधवराव रमाबाईंशी रात्री काय बोलले, ते नाही. जो लेखक तारखा, माणसे आणि त्या काळाचे व्यवहार जसेच्या तसे ठेवून त्या रिकाम्या जागेत बोलणे घालतो, तो खोटे सांगत नाही. जो तारीखच हलवतो किंवा एखाद्या खऱ्या माणसाच्या माथी न केलेले पाप मारतो, त्याला जाब विचारावा. इंग्रजीतही हेच आहे. जॉर्जेट हेयर या लेखिकेने १९३५ मध्ये ‘रीजन्सी बक’ लिहून तुमच्या आवडत्या काळाला कादंबरीत जागा करून दिली. त्या काळातले कपडे, घोडागाड्या, लोकांच्या तोंडचे शब्द यांच्या नोंदींनी तिने वह्या भरल्या होत्या. हलके मानल्या गेलेल्या पुस्तकांमागे इतकी मेहनत असू शकते. आणि जेन ऑस्टिन, जिचे नाव या कादंबऱ्यांबरोबर नेहमी घेतले जाते, ती ऐतिहासिक लिहीतच नव्हती; तिची पहिली कादंबरी १८११ मध्ये छापली गेली, म्हणजे ती स्वतःच्या आजूबाजूचे जग लिहीत होती.

संकोचाबद्दल मी अधिकाराने बोलू शकते. मी नवी असताना आमचे एक वरिष्ठ, कादंबरी मागणाऱ्या बायकांना ‘स्वयंपाकाचं पुस्तक न्या, उपयोगाचं तरी आहे’ असे सर्वांसमोर म्हणत, आणि त्या खाली मान घालून तसेच काहीतरी घेऊन जात. मी तेव्हा गप्प बसले, याची मला आजही खंत वाटते. म्हणून सांगते, पुस्तकाला वर्तमानपत्राचे कव्हर घालू नका. संध्याकाळच्या चहाच्या वेळी ‘स्वामी’ सासऱ्यांसमोरच उघडा, आणि त्यांना एखादा नेमका प्रश्न विचारा. राक्षसभुवनच्या लढाईनंतर राघोबादादा आणि माधवराव यांचे संबंध खरेच असे होते का? रमाबाईंविषयी रियासतीत किती ओळी आहेत? जाणकार माणसाला कोणी आपले ज्ञान मागितले की बरे वाटते. त्यांना कपाटातून खंड काढावासा वाटेल, चष्मा शोधला जाईल, आणि तुमच्या प्रेमकथेची पाने त्यांच्या तारखांशी लागत जातील. रमाबाईंवरच्या ओळी फार थोड्या निघाल्या तर त्या थोड्याच का, हेही त्यांनाच विचारा.

शोधायचे कुठे, तर आपल्या गावात त्याची ददात नाही. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून चालू आहे, आणि जुन्या बांधणीच्या कादंबऱ्यांसाठी मी आधी तिथेच विचारीन. शिवाजी विद्यापीठाचे बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय संदर्भाच्या पुस्तकांसाठी मोलाचे आहे. पुस्तक हातात आले की कथा सुरू करण्याआधी प्रस्तावना वाचा. लेखक कोणत्या बखरी आणि कोणती पत्रे पाहिली हे सांगत असेल, कोणते पात्र आपण कल्पिले हे कबूल करत असेल, तर तो भरवशाचा. प्रस्तावनेत नुसतेच नायकाचे गुणगान असेल तर पुस्तक परत ठेवायला हरकत नाही. जुन्या प्रतीच्या शेवटच्या पानावर तारखांच्या शिक्क्यांची चिठ्ठी चिकटवलेली असते, तीही पाहत जा. शिक्क्यांनी भरलेली चिठ्ठी म्हणजे तुमच्याआधी गेलेल्या वाचकांची शिफारस. मी अनेक चांगली पुस्तके त्या चिठ्ठीवरूनच उचलली आहेत.

‘स्वामी’ तुम्हाला सहज मिळेल. ‘शिकस्त’ बाहेर गेलेली असेल तर नाव नोंदवून ठेवा, आणि ती येईपर्यंत एखाद्या सुटीच्या दिवशी मुलीला घेऊन पन्हाळ्यावर जाऊन या. १७१४ मध्ये ताराबाईंना तिथेच कैदेत टाकले गेले, आणि त्यामागे घरातलीच दुसरी राणी, राजसबाई होती. ती गोष्ट सासऱ्यांना पुरती ठाऊक असणार. जमले तर त्यांनाही गाडीत घ्या. पार्वतीबाईंच्या कुंकवापाशी तुम्ही पोचलात की मला पुन्हा पत्र लिहा. त्या तोतयाचे काय करायला हवे होते, याबद्दल तुमचे मत मला ऐकायचे आहे.